ओट्यावरील नवे मानकरी

दिवाळीच्या सुमारास मैदा, तूप आणि पिठीसाखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जावे व नानकटाई भाजून आणावी, या जुन्या रिवाजात गृहस्थास बेकरीवाल्याच्या मर्जीखेरीज कशाचीही निगा राखावी लागत नसे. हल्ली मात्र ओट्यावर यंत्रांची रीतसर नेमणूक होते. आणि तत्पूर्वी वॅट, लिटर व वॉरंटी यांची जी सूक्ष्म छाननी चालते, ती सोयरीक जुळवितानाही क्वचितच होत असेल. इतक्या चौकशीअंती दाखल झालेल्या २००० वॅटच्या ओव्हनचा जाड पिनांचा प्लग ओट्यामागील ६ अँपिअरच्या सॉकेटात शिरत नाही, हा साक्षात्कार खोके फोडल्यावरच घडतो.

पाठोपाठ मायक्रोवेव्ह येतो. रडारच्या मॅग्नेट्रॉनपासून जन्मलेले हे यंत्र मुख्यत्वे अन्नातील पाणी तापविते, आणि पाणी सहसा १०० अंशांपलीकडे जात नसल्याने पदार्थास खमंग तांबूसपणा आणणे त्याच्या अखत्यारीबाहेर राहते. सबब कालचे वरण ऊन करण्याच्या कारकुनीवरच त्याची हयात सरते. एअर फ्रायर ही वस्तुतः पंख्याने उष्ण हवा फिरविणारी लहानशी भट्टीच; तथापि तळण्याचा किताब मिरवीत ती अवतरते, आणि तेच कार्य जाणणारा ओव्हन सेवानिवृत्त होऊन कढयांचा कोठीदार बनतो. पोळी मात्र तव्यावरच भाजली जाते.

तेव्हा खरेदीपूर्वी वाचकांनी प्रथम भिंतीतील सॉकेट आणि नंतर आपला रोजचा स्वयंपाक पाहावा. या दोहोंची चौकशी दुकानदार करीत नसतो.