फोरकेभाऊ

जऊळक्यात त्यांचं खरं आडनाव आता फक्त सातबाऱ्यावर उरलंय. सोयाबीनच्या पैशांतून अकोल्याहून 65 इंची फोर-के टीव्ही आणला, त्या दिवसापासून ते फोरकेभाऊ. असे फोरके आता गावोगावी आहेत. आमचे इंचांनी मोठे, एवढंच.

दुकानात त्यांना पोपट दाखवला होता. पिसाची काडी न् काडी मोजून घ्यावी, असा. घरी फ्री डिश जोडली आणि पडद्यावर बातम्या देणारी बाई उगवली. तिला नाक आहे हे कळत होतं, ते कुठे संपतं ते कळत नव्हतं.

भाऊंनी डिशवाल्या पोराला धाब्यावर चढवलं. "डावीकडं! आनखी डावीकडं!" पोरगं शेवटी खाली उतरलं. "भाऊ, छत्री हालवून काई होत नाई. डिजिटल हाय, येते तं येते, नाई तं तुटते. तुमच्या टीव्हीत 83 लाख ठिपके हायेत. वरून येतात चार लाख. एकाचे वीस करा लागतात त्याले. शेजारचे ठिपके पाहून अंदाजानं भरते तो."

"अंदाजानं? मंग म्या पैसे काय अंदाजानं देल्ले?"

महिन्याला एक रुपया न देता फुकट येणाऱ्या चित्राबद्दल भाऊंची तक्रार कधीच नव्हती. दोष दुकानाचा, केबलचा, ढगांचा.

एके रविवारी त्यांनी स्वतःच्या लग्नाची सीडी लावली. मूळ चित्रण कॅसेटवरचं, त्यावरून काढलेली व्हीसीडी. म्हणजे 352 गुणिले 288, लाखभर ठिपके. एकाचे ब्याऐंशी! 'पथेर पांचाली'च्या निगेटिव्ह 1993 साली लंडनच्या आगीत होरपळल्या, तरी 2015 साली तो सिनेमा फोर-केमध्ये लख्ख उभा राहिला, कारण फिल्मवर तपशील होता. भाऊंच्या लग्नाला आग कधीच लागली नाही, पण तपशीलही नव्हता. अंतरपाटामागून जे दिसलं, ते एक मुंडावळ्या बांधलेलं धुकं होतं.

त्यात दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. पैसे पूर्ण पडद्याचे मोजलेत, ही भाऊंची ठाम भूमिका. त्यांनी रिमोट दाबून चित्र ताणलं. चारास तीनचं चित्र सोळास नऊच्या पडद्यावर ताणलं की माणूस एक तृतीयांशानं जास्त रुंद होतो. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. सासरेबुवा मांडवात मावेनात. भाऊ मात्र स्वतःकडे पाहून खूश. "पाय, तवा तब्येत होती आपली!"

मागे दाराशी बसलेली त्यांची माय, मोतीबिंदूवाली, एकटी समाधानी होती. "मले तं साजरं दिसून रायलं बापा."

हे डिशवाल्या पोरानं हेरलं. "भाऊ, मांगं सरका. दुरून फाटकं दिसत नाई." खोली दहा फुटांची, त्यात पलंग, कपाट आणि तुरीची दोन पोती. मग टीव्ही ओसरीत टांगला आणि भाऊंनी खुर्ची अंगणात, लिंबाखाली टाकली. पंधरा फुटांवर. चित्र खरोखर स्वच्छ झालं! पंधरा फुटांवरून 65 इंची टीव्ही जेवढा दिसतो, तेवढाच पाच फुटांवरून 21 इंची दिसायचा, तो जुना डबा, जो त्यांनी भंगारवाल्याला दिला, हा हिशेब पोराने मनातच ठेवला. अजून मजुरी यायची होती.

भाऊंनी पाय पसरले. "म्या म्हनलंच होतं. टीव्हीत खोट नाई, खोली लहान होती."

आता ते खोली वाढवायला काढताहेत.