येताना केस धुऊन या

शनिवारी सकाळी साडेअकराची वेळ मिळाली आणि मी बुधवारपासून कामाला लागले. मुलीच्या लग्नाचीसुद्धा मी इतकी आधीपासून तयारी केली नव्हती, असं आमच्या घरातले एक गृहस्थ म्हणाले. त्यांचं ठीक आहे. त्यांच्या डोक्यावर आता वेळ ठरवून जावं असं काही उरलेलं नाही.

सलूनमधून मोबाइलवर निरोप आला होता. केस धुऊन या, तेल लावून येऊ नका, घट्ट बांधून येऊ नका, नेहमीचाच भांग पाडून या. चारच सूचना आणि चारही रास्त. तेलकट केस एकमेकांना चिकटतात, घट्ट रबराने केसांना मोड पडते, आणि भलताच भांग पाडून कापले की घरी आल्यावर खऱ्या भांगाला एक बाजू आखूड निघते. शहाण्या बाईने एवढं करावं आणि निघावं. पण मी भांडी घासणाऱ्या मावशी यायच्या आधी भांडी विसळून ठेवणारी बाई आहे. विस्कटलेलं डोकं घेऊन केस कापायला जायचं? कापणाऱ्याला काय वाटेल? हिला खरंच केस कापायची गरज होती असं वाटेल!

"शनिवारी?" आई म्हणाली. ती 83 वर्षांची आहे आणि सध्या आमच्याकडे असते. तिच्या हिशेबात सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार माझा जन्मवार, शनिवार मारुतीचा, आणि रविवारी सगळे घरात असतात तेव्हा असली कामं काढू नयेत. उरला बुधवार, तर त्या बुधवारी नेमकी एकादशी.

"मग बायकांनी केस कापायचे तरी कधी?"

"कापायचेच कशाला?"

बुधवारी रात्री तेल लावलं. निरोपात 'लावून येऊ नका' होतं, 'लावूच नका' नव्हतं. शिवाय खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे मुंबईतल्या दोन संशोधकांनी 2003 साली प्रयोग करून दाखवलेलं आहे. सूर्यफुलाच्या तेलाला ते जमत नाही. मी हे आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. "2003 उजाडावं लागलं होय," एवढं बोलून ती पुन्हा माझ्या टाळूवर थापटू लागली. गुरुवारी रंग. तो केसांना लागला, कानांच्या पाळ्यांना त्याहून पक्का लागला. शुक्रवारी दोनदा धुणं. मग मी विंचरायला बसले, फणीत भलामोठा गुंता आला, तो मी केराच्या डब्याकडे नेऊ लागले आणि पलंगावरून आईचा हात पुढे आला. "टाकू नकोस. इकडे दे."

गुंतवळ! इथे मला थोडं थांबावंच लागेल.

कराडच्या आमच्या घरात चार बायकी डोकी होती. आजी, आई, काकू आणि मी. माणसाचे रोज 50 ते 100 केस गळतात, त्यात काळजीचं काही नसतं, असं डॉक्टर हल्ली समजूत घालतात. आम्हाला समजूत लागायची नाही, कारण आमच्याकडे ते उत्पन्न होतं. विंचरून झालं की फणीतला गुंता बोटाभोवती गुंडाळायचा आणि कोनाड्यातल्या कापडी पिशवीत टाकायचा. बाहेर टाकायचीच वेळ आली तर त्यावर तीनदा थू थू करायचं. पिशवीत जाणाऱ्यावर थुंकायचं नाही, तो माल. जुन्या जरीच्या साड्या घ्यायला बोहारीण यायची तशी केस घ्यायला केसवाली यायची. आम्हा पोरांना सुपारीएवढ्या गुंतवळावर फुगा मिळायचा, आणि त्यासाठी मी काकूची फणी दिवसातून दोनदा तपासत असे. थोरल्यांचा व्यवहार मात्र भांड्यांचा. केसवाली पिशवी तळहातावर तोलायची, नाक मुरडायची, आजीचे पांढरे बाजूला काढून भाव पाडायची. आई पिशवी परत ओढून घ्यायची. केसवाली उठून फाटकापर्यंत जायची. आई हाक मारायची नाही. ती आपणहून परत यायची. वर्षभराच्या केसांवर एकदा आईने स्टीलची चहाची गाळणी मिळवली. ती गाळणी पुढे कित्येक वर्षं चालली. आमच्याकडे चहात केस निघाला तर कुणी तक्रार करायचं नाही. गाळणीच मुळात केसांची होती.

त्या केसांचं पुढे काय व्हायचं हे तेव्हा कुणी विचारलं नाही. खूप नंतर वाचलं, की कर्नाटकात कोप्पळजवळचं भाग्यनगर, बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातलं बेलडांगा, अशा गावांमध्ये गुंतवळाचा मोठा धंदा चालतो. बायका बसून एकेक केस सोडवतात, लांबीप्रमाणे जुड्या बांधतात, त्याचे टोप होतात, परदेशी जातात. कच्चे केस चोरून बाहेर जाऊ लागले म्हणून 2022 च्या जानेवारीत सरकारला निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. माझी काकू साताऱ्याच्या पुढे कधी गेली नाही. तिचे केस कदाचित लंडन पाहून आले असतील.

आईची वेणी आता करंगळीएवढी उरली आहे. तरी रोजचा गुंता ती बोटावर गुंडाळते आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवते. अकराव्या मजल्यावर केसवाली येणार नाही. आली तरी खालचा वॉचमन तिला वर सोडणार नाही. हे आईला कळत नाही असं नाही. मी पितळेची समई विकून टाकली, पाटा-वरवंटा देऊन टाकला, पण तो डबा केरात टाकायला माझा हात जात नाही.

असो. शनिवारी सकाळी मी मुलीने इथेच सोडलेली केसांची इस्त्री बाहेर काढली. माझे केस लाटालाटांचे आहेत. तासाभरात ते वाळत घातलेल्या शेवयांसारखे सरळ केले, आणि रिक्षात वारा लागू नये म्हणून ओढणी धरून बसले.

सलूनमधला मुलगा पंचविशीचा असेल. "या मॅम," म्हणाला. खुर्चीत बसवलं, गळ्याशी कापड बांधलं, पाण्याची बाटली उचलली आणि फुस, फुस, फुस. तीन फवाऱ्यांत माझा तास वाहून गेला. उष्णतेने केसातले हायड्रोजन बंध सुटतात आणि सरळ अवस्थेत नव्याने जुळतात. पाणी लागलं की पुन्हा सुटतात आणि केस मूळ स्वभावावर येतो. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला हे माहीत असायला हवं होतं. माहीत होतं.

"काकू, हे तर वेव्ही आहेत!" तो म्हणाला. मॅमची काकू झाली ती तिथे. "सुकल्यावर वर चढतात असे केस. मी सरळ समजून कापले असते म्हणजे?" मग त्याने कानाची पाळी हलकेच बाजूला केली. "कलर घरी केलाय ना?"

पुढचं सगळं ठरलेलं. केस फार ड्राय आहेत, टोकं फाटलीत, स्पा घ्या, केराटिन करा. इथे मात्र मला खरोखरच राग आला. वयाच्या विसाव्या वर्षापासून मी अशा खुर्च्यांवर बसते आहे. माझ्या केसांचं मी काय वाटोळं केलं हे प्रत्येकाने मला सांगितलं आहे. पैसे मोजून ओरडा खायचा, आणि तो कमी बसावा म्हणून तीन दिवस तयारी करायची! "छान आहेत हो केस," असं आजवर एकानेही म्हटलेलं नाही. आईनेही कधी म्हटलं नाही. तिने फक्त एकही वाया जाऊ दिला नाही.

मी स्पा घेतला नाही. खाली पडलेले केस एका पोराने सुपलीत भरून काळ्या पिशवीत टाकले. एवढ्या आखूड तुकड्यांना धंद्यात काही किंमत नसते, हे ठाऊक असूनही मी ती पिशवी आत जाईपर्यंत बघत राहिले.

घरी आल्यावर आईने मानेवरून हात फिरवला.

"किती घेतले?"

"नऊशे."

"केसही त्यांनीच ठेवले?"

"हो."

"आणि तुला काय दिलं?"

मी पर्स उघडून दाखवली. शाम्पूची पुडी. 8 मिलिलिटर.