कोनहून राणीबाग

भायखळ्याची राणीबाग १८६२ साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुली झाली. घाट सगळा विलायती: कमानींचं प्रवेशद्वार, कोरिंथियन खांबांचा मंडप, देशोदेशींचे वृक्ष. रसिकांनी मंद पावलांनी फिरावं आणि झाडांची लॅटिन नावं वाचावीत, ही मूळ अपेक्षा. गिरणगावाने ती मनावर घेतली नाही. बागेत प्राणी आले आणि गोरखचिंचेचा अजस्र बुंधा हे डबा उघडण्याचं ठिकाण ठरलं.

२०१६च्या सोडतीत पनवेलजवळच्या कोनमधली २,४१७ घरं गिरणी कामगारांच्या वाट्याला आली. चाव्या मिळायला आणखी कित्येक वर्षं गेली, तो भाग निराळा. पूर्वी चालत गाठायच्या बागेसाठी आता आधी पनवेल स्टेशन गाठावं लागतं. पुढे घरात दोन पक्ष पडतात. तरुणांच्या मते कुर्ल्याला गाडी बदलून भायखळा. ज्येष्ठांच्या मते थेट रे रोड आणि मग पायी. वाद मिटेपर्यंत कुर्ला मागे पडतं. बुधवारी बाग बंद असते, हे मात्र निघण्याआधी कुणालाच आठवत नाही.

आत गर्दी पेंग्विनांपाशी. २०१६मध्ये दक्षिण कोरियाहून आलेले हे पक्षी मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्यासाठी केलेल्या गारव्यात मे महिन्यात माणसंच जास्त रमतात.

शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात पदच्युत पुतळ्यांची वसाहत आहे. काळ्या घोड्यावरचे सातवे एडवर्ड १९६५ साली फोर्टातून इथे आले. ‘काळा घोडा’ हे नाव मागेच राहिलं आणि आता त्या चौकात स्वाराविना नवा घोडा उभा आहे. सर्वांत वजनदार रहिवासी मात्र घारापुरीचा दगडी हत्ती, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याचाच. १८६४मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना यारी मोडली, हत्तीचे तुकडे झाले. ते जोडून त्याला इथे बसवलं. विलायतेला जायला इतका ठाम नकार दुसऱ्या कुणी दिला नसेल.

संध्याकाळी सहाला शिट्ट्या वाजतात. परतताना कुर्ल्याला पनवेल गाडीत पाय ठेवायलाही जागा नसते, रे रोडला निदान चढता येतं. ज्येष्ठांचा पक्ष इथे एकमताने निवडून येतो.