बर्नवीर

पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी साडेसहाला गेलं की बर्नवीर हमखास भेटतो. वय पंचेचाळिशीच्या आसपास, नोकरी हिंजवडीत, अंगात घाम चटकन वाळणारा टी-शर्ट. समोर मोर पिसारा फुलवून उभा असला तरी याची नजर मनगटावरच्या घड्याळात. ‘किती झालं?’ असं विचारायची गरज नसते, तो आपणहून सांगतो, “आज तीनशे बारा बर्न!” मग उतरताना पायथ्याशी एक वडापाव आणि साखरेचा चहा. “बर्न केलंय ना, मग चालतं.”

शास्त्राच्या दृष्टीने ‘बर्न’ हा शब्द चुकीचा नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. 1780 च्या दशकात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजलं आणि श्वासोच्छ्वास म्हणजे संथ ज्वलनच, असा निष्कर्ष काढला. फरक एवढाच की त्या गिनीपिगने नंतर कुणाला आकडा सांगितला नाही. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 किलोकॅलरी. म्हणजे किलोभर वजन उतरवायला अशा पंचवीस टेकड्या, त्याही वडापावाविना. हा हिशेब बर्नवीरासमोर मांडू नये. टेकडीवर येणं बंद करेल.

‘बर्न’शी त्याची सोयरीक जुनी आहे. कॉलेजात असताना तो गल्लीचा अधिकृत सीडी बर्नर होता. गणपतीची गाणी असोत की कुणाच्या मुंजीचे फोटो, 700 एमबीत बसेल ते तो बर्न करून द्यायचा. ज्या सॉफ्टवेअरने करायचा त्याचं नाव ‘नीरो बर्निंग रॉम’. रोम जळत असताना नीरो काय करत होता, ही जगप्रसिद्ध गोष्ट त्याला या नावामुळेच कळली. लेझरने चकतीवरच्या रंगद्रव्याच्या थराला खरोखरच चटके बसत, त्यामुळे शब्द तिथेही रास्त होता. नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकून फुकट गेलेल्या सीड्या मात्र पुढे कित्येक वर्षं रिक्षांच्या आरशाला लटकून चमकत राहिल्या.

मग मधली काही वर्षं तो एका स्टार्टअपमध्ये होता. त्याचे वडील बँकेत कॅशियर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. एका रविवारी चहा घेताना तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, “अण्णा, आमचा महिन्याचा बर्न चाळीस लाखांवर गेलाय.”

“म्हणजे तोटा ना रे?”

“तोटा नाही हो, बर्न.”

“आणि येतात किती?”

“ते अजून सुरू व्हायचंय.”

अण्णांनी पेपर उघडला. शिल्लक पैशाला महिन्याच्या बर्नने भागलं की जे महिने उरतात त्याला रनवे म्हणतात, हे त्याने पेपराच्या मागे बघत समजावून सांगितलं. पेपरामागून आवाज आला, “आम्ही त्याला ‘किती दिवस निघतील’ म्हणायचो.” विमान उडायच्या आतच रनवे संपला आणि बर्नवीर हिंजवडीला परतला. हल्ली तिथे त्याच्यापुढे बर्नडाउन नावाचा तक्ता असतो. उरलेलं काम दिवसागणिक कमी होत त्यातली रेघ शून्यावर टेकावी अशी अपेक्षा. त्याची रेघ शुक्रवारी दुपारपर्यंत सपाट असते आणि मग कड्यावरून उडी मारते.

बर्नआउटची मात्र थट्टा करवत नाही. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी 1974 साली त्यावर लिहिलं ते मोफत दवाखान्यात राबणाऱ्या माणसांची दशा पाहून, आणि त्या राबणाऱ्यांत ते स्वतःही होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये व्याख्या केली तीही जपून: हा आजार नव्हे, नोकरीच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम. बर्नवीराचा बर्नआउट याहून वेगळा. तो अप्रेझलच्या आधी येतो आणि लोणावळ्याच्या पुढे गेलं की उतरतो.

कंपनीने एकदा त्याला एडिंबरोला पाठवलं होतं. स्कॉटलंडमध्ये बर्न म्हणजे चक्क ओढा. 1314 साली रॉबर्ट ब्रूसने इंग्रजांना लोळवलं त्या बॅनकबर्नच्या नावातही ओढाच आहे. एडिंबरोत ‘ब्रेड बर्न’ नावाचा एक ओढा वाहतो. बर्नवीराने आईला फोनवर हे मराठीतून सांगितलं. माउली म्हणाली, “मग तव्यावरून लवकर काढायचा ना रे.”

तिचं बरोबरच होतं. तिच्या स्वयंपाकघरात असा एकच शब्द सगळीकडे चालत नाही. दूध लागतं, भाकरी करपते, फोडणी जळते, जीभ पोळते, खोबरं खरपूस भाजलं जातं, तोंड उन्हाने रापतं आणि हाताला बसतो तो चटका. रात्री तर्रीदार मिसळ हाणून मुलगा ‘हार्टबर्न, हार्टबर्न’ करत छाती धरून बसला तेव्हा घर हादरलं होतं. ‘जळजळतंय’ कळल्यावर सगळे झोपायला गेले. तो त्रास हृदयाचा नसतोच, जठरातलं आम्ल उलटं अन्ननलिकेत येतं त्याचा असतो.

परवा आई गावाला गेलेली, म्हणून बर्नवीर स्वतः पोळ्या करायला उभा राहिला. तव्याची कड मनगटाला टेकली, नेमकी घड्याळाच्या वर. सगळ्या सोसायटीला ऐकू गेलं, “आई गं, पोळलं!” मग तो टूथपेस्ट शोधायला धावला. दहावीतल्या मुलीने त्याला धरून नळाखाली उभं केलं आणि म्हणाली, “बाबा, वीस मिनिटं हलायचं नाही.”

पोरीचं ऐका. भाजलं की आधी अंगठी-घड्याळ काढा आणि नळाचं वाहतं साधं पाणी वीस मिनिटं सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांतलं काहीही लावू नका. भाजलेला भाग तळहाताएवढा असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर सरळ दवाखाना गाठा.