लिव्हरसाठी मिक्स

ठाण्यात काय नि डोंबिवलीत काय, सकाळी फिरायला जायच्या जागेबाहेर रसवाल्याचं टेबल असतंच. स्टीलच्या बरण्या, झाकणांवर चिकटपट्टीने लावलेली नावं : दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर. ‘काका, लिव्हरसाठी मिक्स देऊ?’ काका श्वास रोखून ग्लास रिकामा करतात, शेजारच्याला ‘सगळं साफ होतं हो’ असं सांगतात आणि तडक मिसळीकडे वळतात. ठाण्यात राहून मामलेदारकडे पाठ फिरवणं तसं अवघडच. जादा तर्री मागताना चेहरा अगदी निष्पाप असतो. आजचा हिशेब आधीच चुकता झालेला असतो ना!

हे सगळं फॅटी लिव्हरपायी. पूर्वी सोसायटीच्या जिन्यात मुलांचे टक्के विचारायचे, आता सोनोग्राफीतली ग्रेड विचारतात. ‘आमच्या ह्यांची ग्रेड वन आली,’ असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या, तेव्हा पेढे कुठायत, हे अगदी ओठांवर आलं होतं.

खरं तर यकृत म्हणजे पक्का डोंबिवलीकर चाकरमानी. दीडेक किलोचा जीव, पण मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त त्याच्या हाताखालून जातं. अमोनियाचा युरिया करा, दारू नि औषधं निस्तरा, पित्त बनवा, साखर साठवा. रविवार नाही, मेगाब्लॉक नाही. कुरकुरही नाही, कारण त्याच्या गाभ्यात वेदनेच्या नसाच नाहीत. साफसफाई हाच ज्याचा धंदा, त्याला साफ करायला आपण निघालोय!

रस निरुपद्रवी असता तर हसून सोडून दिलं असतं. पण कडू निघालेल्या दुधीतल्या कुकुर्बिटासिनने उलट्या, रक्तस्राव होऊन माणसं दगावलीत. चिरण्याआधी दुधीची फोड जिभेला लावून बघणारी आजी उगाच नव्हती तसं करत. करोनाच्या दिवसांत कुंपणावरची गुळवेल घरोघरच्या काढ्यात गेली. पुढे २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ती पटली नाही. त्यांचं ते बघून घेतील. आपण काढा उकळण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

यकृताला मानवणाऱ्या गोष्टी मात्र फारच कंटाळवाण्या. जादा वजन असेल तर ते ७ ते १० टक्के उतरवा, दारू नि गोड पेयं टाळा, हेपटायटिस बीची लस घ्या, रोज चाला. त्यातल्या त्यात सुखाची बातमी म्हणजे कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे आजार कमी आढळतात. साखर नको, एवढंच.

वहिनींचे ‘ग्रेड वन’ हल्ली स्टेशनपर्यंत चालत जातात. परवा विचारलं, फरक पडला का? म्हणाले, ‘लिव्हरचं पुढच्या सोनोग्राफीत कळेल, पण रिक्षाच्या रांगेतून सुटलो!’