धुकेकाका

लख्ख ऊन पडलं की नेपरव्हिलचे आमचे धुकेकाका खट्टू होतात. आयटीतली नोकरी झाली, मुलं कॉलेजात गेली आणि काकांना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, चित्रासारख्या दिसणाऱ्या फोटोंचा नाद लागला. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला आणि फिल्टरवर व्हॅसलीन फासलं. म्हणतात, "कॅमेऱ्याला सगळंच दिसतं हो, तोच त्याचा दोष."

धुक्याची पहाट असली की स्वारी ट्रायपॉड घेऊन रिव्हरवॉकवर. ड्यूपेज नदीकाठची झाडं, पूल, बाकं पुसट झाली की काकांचा चेहरा उजळतो. इथं ना डोंगर, ना दरी. मक्याच्या शेतांत एकसारखी घरं उगवलेली. ती झाकतं ते धुकं हाच इथला निसर्ग, हे त्यांचं मत मला तरी पटतं.

पाहुणा आला की त्याला मेट्रानं शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटला नेतात. चित्रकार जॉर्जिया ओकीफनं १९४९ मध्ये छायाचित्रकार स्टीगलिट्झचा फोटोसंग्रह तिथं दिला. फोटो भिंतीवर नसले तर काका ते तोंडी दाखवतात. छायाचित्रकार इमर्सननं १८८९ च्या पुस्तकात फोटोग्राफीला कलेचा मान मागितला, हे गाडीतच सांगून होतं. पुढे वर्ष-दोन वर्षांतच त्यानं काळ्या चौकटीची पुस्तिका छापून माघार घेतली, हे मात्र युनियन स्टेशन आलं तरी येत नाही.

छपाई बेसमेंटमध्ये. डिंक, रंग आणि पोटॅशियम डायक्रोमेट कालवून ब्रशनं कागदावर फासायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. उजेड लागेल तिथला डिंक घट्ट होतो, बाकीचा पाण्यात धुऊन जातो. ब्रशचे फटकारे तसेच राहतात. म्हणजे धुक्याच्या फोटोलाही शेवटी ऊनच लागतं! पहिल्या खेपेला काकूंनी लाडवांसाठी पुण्याहून आणलेला डिंक संपला. डायक्रोमेट विषारी असतं हे कळल्यावर काकूंनी काकांच्या ब्रश-वाट्यांना स्वयंपाकघर बंद केलं.

"स्टायकेनचा तळ्यावरच्या चांदण्याचा १९०४ चा फोटो २००६ मध्ये २९ लाख डॉलरला गेला," काका ऐकवतात.

"मग तुमचंही एखादं तळं विका," काकू म्हणतात, "बेसमेंटची गळती तरी निघेल."

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचे फोटो एकदा त्यांच्याकडे होते. मखराचा उजेड अप्रतिम आला होता. कार्यकारिणीतल्या बायका अजून आपापल्या पैठण्या शोधताहेत.

नेपरव्हिलला आलात तर धुक्याच्या पहाटे त्यांच्यासोबत जरूर जा. ओसीआय कार्डाचा फोटो मात्र दुकानातच काढा.