अल्पपादत्राण-मीमांसा

धावण्याच्या बुटांच्या गेल्या दोन दशकांच्या इतिहासात ‘मिनिमलिस्ट’ या नावाने ओळखला जाणारा एक पंथ आढळतो. पायाला बुटाकडून जितके कमी मिळेल तितके पायाचे भले होते, हे या पंथाचे मूळ प्रतिपादन होय; हे कमी मिळवण्यासाठी मोजावे लागणारे पैसे मात्र कमी नसतात, ही त्या प्रतिपादनाची पहिली अडचण. २०१५ मध्ये या विषयाच्या अभ्यासकांनी विचारविनिमयाने जी व्याख्या ठरवली, तिच्यानुसार पायाच्या नैसर्गिक हालचालीत जो कमीत कमी लुडबूड करतो तो मिनिमलिस्ट बूट, आणि ही लुडबूड मोजण्यासाठी वजन, तळाची जाडी, लवचिकता, पावलाला आधार देणाऱ्या करामतींचा अभाव आणि ‘ड्रॉप’ अशा पाच कसोट्यांचा एक निर्देशांकही तयार करण्यात आला. ड्रॉप म्हणजे टाचेखालची जाडी आणि चवड्याखालची जाडी यांतील फरक; नेहमीच्या धावण्याच्या बुटात तो दहा-बारा मिलिमीटर असतो आणि पंथातील कडव्या मंडळींच्या बुटात शून्य. टाच उचललेली नाही, गादी नाही, कमानीला टेकू नाही, अशा प्रत्येक नकारासाठी या निर्देशांकात गुण मिळत असल्याने, कोरा पेपर देणाऱ्या विद्यार्थ्याला पैकीच्या पैकी गुण देणारी ही बहुधा जगातील एकमेव परीक्षा असावी.

हा निर्देशांक हाती घेऊन महाराष्ट्रातील पादत्राणांची तपासणी केली असता काही उद्बोधक गोष्टी हाती लागतात. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची कोल्हापुरी चप्पल, टाचेचा एखादा जादा थर सोडला तर, ड्रॉपच्या कसोटीवर सहज उतरते आणि गादीचा तर तिच्यावर आरोपही करता येत नाही. लवचिकतेच्या रकान्यात मात्र ती मार खाते, कारण नवी कोल्हापुरी चावते आणि पहिले काही आठवडे पायाने चपलेशी जुळवून घ्यायचे असते, चपलेने पायाशी नव्हे. ट्रकच्या जुन्या टायरमधून कापलेली, शेतावर आणि रस्त्याच्या कामावर वापरली जाणारी चप्पल वजनाचे गुण गमावते, परंतु पायाला कसलाही आधार न देण्याचे तिचे धोरण निर्दोष आहे. शाळेच्या कवायतीसाठी सक्तीचे असलेले, रविवारी धुतलेले आणि शनिवारी सकाळी ऐन वेळी डागांवर खडू घासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट तर आज एखाद्या परदेशी दुकानाच्या काचेत शोभले असते. पातळ रबर, सपाट तळ, हाताने गुंडाळता येईल इतकी लवचिकता, सारे काही त्यांत होते. या तिन्ही पादत्राणांबरोबर तत्त्वज्ञान मिळत नसे, एवढीच त्यांची उणीव, आणि बाजाराच्या दृष्टीने ती फार मोठी होती.

पंथाच्या पुराणातील आद्य पुरुष म्हणजे इथिओपियाचा अबेबे बिकिला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये, मिळालेले बूट पायाला नीट बसेनात म्हणून त्याने मॅरेथॉन अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली, आणि तेव्हापासून अनवाणी धावण्याचा विषय निघाला की पाच मिनिटांच्या आत रोम निघते. हाच बिकिला चार वर्षांनी टोकियोत बूट आणि मोजे घालून धावला व त्याने तीच शर्यत २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत, म्हणजे तीन मिनिटे आधी, पुन्हा जिंकली, हा भाग मात्र कथेकऱ्यांच्या स्मरणातून हटकून निसटतो. टोकियोच्या शर्यतीच्या जेमतेम पाच-सहा आठवडे आधी त्याचे अपेंडिक्स शस्त्रक्रिया करून काढण्यात आले होते, याकडेही पंथाचे लक्ष गेलेले दिसत नाही. वास्तविक, अनावश्यक ते काढून टाकल्याने माणूस वेगाने धावतो या सिद्धान्ताला याहून सबळ पुरावा मिळणे कठीण. फक्त काढायचे ते बुटातून काढण्याऐवजी पोटातून काढले गेले.

पुराणानंतर शास्त्र आले. क्रिस्टोफर मॅकडूगल यांच्या ‘बॉर्न टू रन’ या २००९ च्या पुस्तकाने मेक्सिकोतील कॉपर कॅन्यनच्या दऱ्यांत राहणाऱ्या तराहुमारा लोकांची गोष्ट जगभर नेली. हे लोक टायरच्या तळाला चामड्याचे बंद लावलेल्या ‘वाराचे’ नावाच्या चपला घालून अफाट अंतरे धावतात आणि १९९३ मध्ये त्यांच्यातील पंचावन्न वर्षांच्या विक्टोरियानो चुरो यांनी अमेरिकेतील लेडव्हिलची शंभर मैलांची शर्यत जिंकली होती. पुस्तकाच्या पुढच्याच वर्षी हार्वर्डचे डॅनियल लीबरमन आणि त्यांचे सहकारी यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, जन्मभर अनवाणी धावलेली माणसे बहुधा चवड्यावर किंवा पावलाच्या मध्यावर उतरतात, तर जाड टाचेचे बूट घालणारी टाचेवर आदळतात, चवड्यावर उतरताना पोटरी आणि टाचेमागची अकिलीजची शीर स्प्रिंगसारखी दबते, त्यामुळे टाचेवर उतरताना बसणारा तो पहिला आकस्मिक दणका जवळजवळ नाहीसा होतो. दणका कमी झाला म्हणजे दुखापतीही कमी होतात, हे त्या निबंधात सिद्ध केलेले नव्हते. परंतु शोधनिबंध वाचणारे आणि बूट विकत घेणारे हे दोन वेगळे समाज असल्याने एवढ्या बारकाव्यात कोणी शिरले नाही.

या सुमारास बाजारात असलेले, पंथाचे ध्वजचिन्ह म्हणता येईल असे पादत्राण म्हणजे व्हायब्रॅम या इटालियन कंपनीचे ‘फाइव्हफिंगर्स’, ज्यात प्रत्येक बोटाला स्वतंत्र खोबण असते. गंमत अशी की, १९३५ मध्ये आल्प्समध्ये सोबतचे सहा गिर्यारोहक दगावल्यानंतर विटाले ब्रामानी यांनी डोंगरावर घट्ट पकड घेणारा जाड, खाचांचा रबरी तळ तयार केला आणि त्यातून ही कंपनी उभी राहिली. म्हणजे पायाखाली भरपूर काही असावे म्हणून जन्मलेल्या घराण्याने सत्तर वर्षांनी पायाखाली फारसे काही नसण्याचा व्यवसाय आरंभला.

फाइव्हफिंगर्स घालण्याचा विधी जवळून पाहण्यासारखा असतो. धारक पायरीवर बसतो, बूट अर्धा चढवतो आणि अंगठ्यापासून सुरुवात करून एकेक बोट आपापल्या खोबणीकडे वळवू लागतो. अंगठा शहाण्यासारखा आत जातो, पुढची दोन बोटे थोड्या आर्जवाने जातात, आणि करंगळी आपल्या शेजारच्या बोटाबरोबर एकाच खोबणीत शिरून बसते, त्यामुळे पाचवी खोबण रिकामी लोंबत राहते व सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. पायाला सव्वीस हाडे आहेत हे शरीरशास्त्राच्या पुस्तकात वाचून जितके पटत नाही, तितके या वेळी पटते. ज्या समाजात प्रत्येक उंबरठ्यावर पादत्राण काढायचे आणि निघताना पुन्हा घालायचे असते, तेथे हा विधी दिवसातून किती वेळा घडेल याचा हिशेब ते पादत्राण तयार करणाऱ्यांनी केला नसावा. तोवर दारात उभ्या असलेल्या आजी, “अरे, हे मोजेच घातलेस, बूट कुठे आहेत?” असा प्रश्न विचारतात, आणि नातवाचे उत्तर अकिलीजच्या शिरेपासून सुरू होऊन आफ्रिकेतील आदिमानवापर्यंत जाते तोवर आजी स्वयंपाकघरात परतलेल्या असतात. उणिवांच्या यादीत आणखी एक भर घालणे आवश्यक आहे: बिनमोज्याचा पाय आणि कृत्रिम कापड यांच्या सहवासातून उत्पन्न होणाऱ्या वासाबद्दल पंथात पूर्ण एकमत आहे. याच्या उलट, देवळाबाहेर ठेवलेली ही जोडी कोणी पळवत नाही, हा तिचा गुण नमूद न करणे अन्यायाचे होईल. चोराला केवळ पायाचे माप जुळून चालत नाही, दहाही बोटे जुळावी लागतात.

आता दुखण्याकडे वळले पाहिजे, कारण या वाङ्मयाचा निम्मा भाग दुखण्याने व्यापलेला आहे. वर्षानुवर्षे उंच टाचेच्या बुटांत वावरलेली पोटरी आणि अकिलीजची शीर आखूड व आळशी झालेली असते; अशा पायात एके सकाळी शून्य ड्रॉपचा बूट चढवून वेताळ टेकडीला दोन फेऱ्या मारल्या की, दुसऱ्या दिवशी जिना कठडा धरून, उलटे तोंड करून उतरावा लागतो. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याची पोटरी धरलेली असणार, असा तर्क करण्यास जागा आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील ब्रिगम यंग विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दहा आठवड्यांत हळूहळू फाइव्हफिंगर्सकडे वळणाऱ्या धावपटूंच्या पायांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांच्या पावलांच्या हाडांतील मज्जेत सूज वाढलेली आढळली. अशी सूज म्हणजे हाडाला सोसवेनासे झाल्याची पहिली तक्रार, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर तिचे पर्यवसान बारीक भेगेत होऊ शकते. पंथाचे यावरील उत्तर ठरलेले आहे: बदल फार घाईने केला, उतरण्याची पद्धत चुकली, पावले लांब पडली, मिनिटाला पुरेशी पावले टाकली नाहीत. लागू पडले तर बुटाचा गुण आणि न पडले तर साधकाची साधना अपुरी, ही मांडणी महाराष्ट्राला अपरिचित नाही. फक्त येथवर ती बुवांच्या मठांत ऐकू येत असे, क्रीडासाहित्याच्या दुकानात नव्हे. गादीच्या बुटाचा एक मोठा उपकार असा की, काही बिनसले तर बुटाला शिव्या देता येतात. बुटातून सारे काढून घेतले की दोष देण्यासाठी धावणाऱ्याखेरीज कोणी शिल्लक उरत नाही, आणि या एकाकीपणाचा खुलासा खोक्यावर छापलेला नसतो.

अमेरिकेत मात्र लोकांनी दोष देण्यासाठी कंपनी शोधून काढली. फाइव्हफिंगर्समुळे पाय बळकट होतात आणि दुखापती कमी होतात या जाहिरातींना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असा दावा २०१२ मध्ये ग्राहकांच्या वतीने दाखल झाला, आणि २०१४ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता साडेसदतीस लाख डॉलर देऊन तो मिटवला. भरपाई जोडीमागे ९४ डॉलरपर्यंत मिळू शकेल असे सुरुवातीला जाहीर झाले, पण हात पुढे करणारे इतके निघाले की प्रत्येक जोडीच्या वाट्याला साडेआठ डॉलरही आले नाहीत. कमीत कमी देण्याच्या तत्त्वाशी कंपनी अशा रीतीने शेवटपर्यंत प्रामाणिक राहिली.

एवढे झाल्यावर पंथाच्या बाजूनेही बोलणे प्राप्त आहे, कारण त्याचे म्हणणे सारेच हवेतले नाही. बुटाचे वजन प्रत्येक पायाला शंभर ग्रॅमने वाढले की धावण्याची ऊर्जा सुमारे एक टक्क्याने वाढते, हे जुने आणि टिकलेले निरीक्षण आहे. रोजच्या वापरासाठी तर पातळ बुटाची बाजू धावण्यापेक्षाही भक्कम दिसते. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा महिने असे बूट नित्य वापरणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी सुमारे ५७ टक्क्यांनी वाढली होती, तीही कोणताही व्यायाम न करता, भाजी आणता-आणता. त्याहून जवळचा पुरावा मणिपालचा आहे: उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी १९९२ मध्ये २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून दाखवले की, सपाट तळव्याचे प्रमाण पादत्राणे घालणाऱ्या मुलांत ८.६ टक्के आणि अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के होते, आणि बंद बूट घालणाऱ्यांची अवस्था चपलावाल्यांपेक्षा वाईट होती. म्हणजे शाळेने शिस्तीसाठी जो बूट सक्तीचा केला, त्याने मुलांच्या तळव्याच्या कमानीचे भले केले असे म्हणता येत नाही. मात्र चालण्यासाठी पातळ बूट घालणाऱ्याला ‘लाँग रन’ची छायाचित्रे काढता येत नाहीत, म्हणून हा उपयोग जाहिरातींत मागे पडला असावा.

महाराष्ट्राला अनवाणी धावण्याचे दोन चेहरे ठाऊक आहेत. २०१६ मध्ये मिलिंद सोमण अहमदाबादहून मुंबईपर्यंत अनवाणी धावले आणि वाटेत त्यांच्या मातोश्री उषा सोमण साडी नेसून, अनवाणीच, त्यांच्या सोबत धावल्या. बारामतीच्या लता करे नऊवारीत अनवाणी धावल्या त्या नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी बक्षिसाचे पैसे हवे होते म्हणून, आणि त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटात पुढे त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. बूट काढून ठेवणे आणि बूट नसणे यांत पायाच्या दृष्टीने फरक नसला, तरी माणसाच्या दृष्टीने तो असतो; शून्य ड्रॉपवरील चर्चेत मात्र हा फरक कोणत्याच कसोटीत मोजला जात नाही.

दरम्यान बाजाराने कूस बदलली. ‘बॉर्न टू रन’ ज्या वर्षी आले त्याच वर्षी फ्रान्समध्ये होका ही गुबगुबीत तळांची कंपनी स्थापन झाली. पुढे कार्बनची पट्टी घातलेल्या जाड तळांनी विक्रम इतके मोडले की २०२० मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाच्या जाडीवर ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. आणि ज्यांनी चार मिलिमीटरच्या तळावर व्याख्याने दिली होती, त्यांतील पुष्कळ मंडळी आता तितक्याच तळमळीने चाळीसचे गुण सांगताना आढळतात.

जे निष्ठावंत उरले, त्यांच्यापुढे झिजेचा प्रश्न आहे. मुळातच पातळ असलेला तळ शहरी डांबरावर लवकर घासला जातो, आणि नव्या जोडीची किंमत आठवून धारक तो बूट कोपऱ्यावरच्या मोचीदादांकडे नेतो. मोचीदादा बूट उलटा करून पाहतात, अंगठ्याने दाबतात, “साहेब, ह्याच्यात तर काहीच राहिलं नाही,” असे हळहळून सांगतात, आणि चांगल्या मनाने तळाला जाड रबराचा थर चिकटवतात. शिवाय गिऱ्हाइकाच्या पाठीला त्रास नको म्हणून टाचेखाली बारा मिलिमीटरचा तुकडा वेगळा ठोकतात, आणि त्याचे पैसे घेत नाहीत.